साथ मोजणारी हिल्डा हडसन

साथरोगांच्या गणिताचा विषय निघाला की सर रोनाल्ड रॉस यांचे नाव पहिल्या दमात घेतले जाते. अल्मोड्यात जन्मलेला, १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधणारा आणि १९०२ साली नोबेल मिळवणारा हा डॉक्टर. त्याला मिळालेला मान योग्यच आहे. पण १९१७ साली रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये साथींच्या गणितावर जे दोन निबंध लागोपाठ छापून आले, त्यांवर दोन नावे आहेत. दुसरे नाव हिल्डा हडसन यांचे. आभाराच्या ओळीत नव्हे, लेखकाच्या जागी. तरीही हे नाव गणिताच्या प्राध्यापकांना विचारले तर बहुतेक जण आठवायला वेळ घेतात. या स्तंभात आज त्यांच्याविषयी लिहायचे आहे, कारण त्यांच्या वाट्याला जे आले नाही ते आजही आपल्याकडच्या हुशार मुलींच्या वाट्याला येत नाही.

हडसन यांचे घरच गणिताचे. वडील लंडनच्या किंग्ज कॉलेजात गणिताचे प्राध्यापक, आई केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गणित शिकलेली, भाऊ १८९८ चा सीनियर रँग्लर, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला. रँग्लर या शब्दाचे वजन रँग्लर परांजप्यांच्या महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. हिल्डा यांनी वयाच्या दहाव्या वर्षी युक्लिडच्या एका सिद्धान्ताची सोपी सिद्धता लिहिली आणि ती १८९१ साली ‘नेचर’ने छापली. केंब्रिजच्या त्याच परीक्षेत, गणिताच्या ट्रायपॉसमध्ये, १९०३ साली त्यांचे स्थान सातव्या रँग्लरच्या बरोबरीचे होते. ‘बरोबरीचे’ म्हणायचे, कारण बायकांना परीक्षेला बसू देत, पदवी देत नसत. केंब्रिजने ती द्यायला १९४८ साल उजाडले. डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज मात्र १९०४ ते १९०७ या काळात ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या उत्तीर्ण विद्यार्थिनींना पदवी देत असे. कितीतरी जणी बोटीने आयरिश समुद्र ओलांडून गेल्या आणि पदवी घेऊन परतल्या. लोकांनी त्यांना ‘स्टीमबोट लेडीज’ असे नाव पाडले. स्वतःच्या विद्यापीठात परीक्षा उत्तीर्ण होऊन पदवीसाठी परक्या बंदरावर उतरायचे, हा अपमानच होता. हडसन यांचीही एम.ए. डब्लिनची, १९०६ ची.

त्यांचा विषय होता बैजिक भूमिती. रोगराईशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. १९१२ साली केंब्रिजमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत त्यांनी निबंध वाचला तोही वक्र आणि पृष्ठांवरचा. मग पहिले महायुद्ध सुरू झाले. लंडनच्या पूर्वेला वेस्ट हॅमच्या तंत्रशिक्षण संस्थेत त्या शिकवत होत्या आणि त्याच काळात रॉस यांच्या अपुऱ्या राहिलेल्या समीकरणांवर त्यांनी काम सुरू केले.

रॉस यांची मूळ कल्पना मला फार मोलाची वाटते. माणसांवर ओढवणाऱ्या घटना त्यांनी दोन प्रकारांत वाटल्या. गावात आज दहा जणांना विंचू चावला म्हणून उद्या अकराव्याला चावण्याचा धोका वाढत नाही. दहा जणांना गोवर आला तर मात्र वाढतो. दुसऱ्या प्रकारात घटनेचा वेग दोन आकड्यांवर एकाच वेळी अवलंबून असतो: किती जण आजारी आहेत आणि किती जण अजून आजारातून गेलेले नाहीत. पहिला आकडा वाढतो तसा दुसरा घटत जातो. या दोन्हींची समीकरणे मांडली की साथीचा आलेख आधी हळू, मग झपाट्याने चढतो, माथ्यावर पोहोचतो आणि उतरतो.

हा नुसता कागदावरचा खेळ नव्हता. जॉन ब्राउनली यांच्यासारखे त्या काळचे जाणकार सांगत होते की साथ ओसरते ती जंतूचा जोर आपोआप कमी होत जातो म्हणून. रॉस आणि हडसन यांच्या गणितातून दिसले की जंतू अगदी जसाच्या तसा राहिला तरी साथ चढेल आणि ओसरेलही. फरक केवढा आहे पाहा. जंतू दमला असे मानले तर आपण निश्चिंत होतो. लागण होऊ शकणारी माणसे संपत आली म्हणून साथ थांबली हे कळले, तर नवी माणसे येतील, नवी बाळे जन्मतील तेव्हा ती परत येणार हेही कळते, आणि तयारी करता येते.

पुढे काय झाले? १९१७ मध्येच हडसन युद्धकामासाठी विमानांच्या सरकारी खात्यात गेल्या आणि विमानाच्या सांगाड्यातले दांडे किती भार पेलतील याचा हिशेब करू लागल्या. ते कामही त्यांनी इतके चांगले केले की १९१९ साली त्यांना ओबीई हा ब्रिटिश किताब मिळाला. त्यानंतर ब्रिस्टलच्या एका विमान कंपनीत नोकरी, आणि १९२७ साली क्रेमोना रूपांतरणांवरचा त्यांचा मोठा भूमितीग्रंथ. साथींच्या गणिताकडे त्या परत आल्या नाहीत.  त्या कामाचे कायमचे पद त्यांच्या वाट्याला आले नाही.

त्याच १९२७ साली, त्याच ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये, केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा निबंध आला. साथींच्या गणिताची आजची पाठ्यपुस्तके त्याच्यापासून सुरू होतात. मॅकेंड्रिक कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक राहिलेले, रॉस यांच्याच प्रभावाखाली गणिताकडे वळलेले. त्या निबंधातला आलेख प्रत्येक मराठी माणसाने एकदा तरी पाहावा. तो मुंबई बेटावरच्या प्लेगचा आहे: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, आठवड्या-आठवड्याचे मृत्यू ठिपक्यांनी दाखवलेले आणि त्यांच्यामधून काढलेली एक गुळगुळीत वक्ररेषा. त्यांच्या सूत्राप्रमाणे माथा येतो सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, आणि त्या आठवड्याचा आकडा ८९०. माथ्याजवळचा एकेक ठिपका म्हणजे चाळींतून निघालेल्या शेकडो तिरड्या आहेत. शेजारीच लेखकांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे की माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे, आपण धरलेली गृहीतके तंतोतंत खरी नाहीत आणि आकडे अगदी ढोबळ समजावेत. हा प्रामाणिकपणा कोविडच्या दिवसांत टीव्हीवरच्या भाकितांत मला फार थोड्या वेळा दिसला.

त्या दिवसांत भारताच्या आकड्यांचा सातत्याने हिशेब मांडणाऱ्यांत एक बाई होत्या, भ्रमर मुखर्जी. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत शिकलेल्या, तेव्हा मिशिगन विद्यापीठात जैवसंख्याशास्त्र विभागाच्या प्रमुख. त्यांचे आधीचे काम कर्करोग, जनुके आणि पर्यावरण यांच्या संख्याशास्त्रातले. तरी मार्च २०२० मध्ये त्या आणि त्यांचे सहकारी भारतातल्या साथीकडे वळले आणि दुसऱ्या लाटेनंतरही थांबले नाहीत. मार्च २०२१ च्या उत्तरार्धात उपाय वाढवले गेले असते तर पुष्कळ जीव वाचले असते, असे त्यांच्या चमूने पुढे आकड्यांनिशी मांडले. त्यांना हे करता आले ते बुद्धीमुळे, आणि तितकेच पायाखाली पक्की जागा होती म्हणूनही. कायमची नोकरी होती, हाताखाली विद्यार्थी होते, संगणक होते, आणि विषय बदलायला कुणाची परवानगी मागावी लागत नव्हती. पण ही जागा होती अमेरिकेत, मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर गावात. ती मुंबईत, पुण्यात, नागपुरात का नसावी?

आपल्याकडे गणितात एम.एस्सी. करणाऱ्या मुली थोड्या नाहीत. त्यांना घरातून आणि वर्गातून सांगितल्या जाणाऱ्या वाटा ठरलेल्या: बी.एड., बँकेची परीक्षा, नाहीतर आयटी. आरोग्य खात्यात गणिती लागतो हे त्यांच्या कानावरच पडत नाही, कारण आरोग्य खात्यालाही ते पटलेले नाही. साथ आली की समिती नेमायची, आठवडाभरात आकडा मागायचा, चुकला की गणिताला बोल लावायचा, आणि साथ सरली की समिती गुंडाळायची. या रीतीने हिशेब मुरत नाही. मुंबईत दर पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस येतात. त्यांचे वॉर्डवार, आठवडावार आकडे वर्षानुवर्षे एकाच माणसाच्या नजरेखालून गेले, तरच यंदाचा चढ नेहमीचा की वेगळा हे त्याला जूनमध्येच ओळखता येईल. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत मृत्यूंची साप्ताहिक नोंद इतकी नीट होती की वीस वर्षांनी केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांना एडिंबरोत बसून तिच्यावर आपला सिद्धान्त पडताळून पाहता आला.

माझी मागणी साधी आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागात आणि मोठ्या महापालिकांत गणित किंवा संख्याशास्त्राची निदान एकेक कायम जागा असावी, कंत्राटी नव्हे, आणि त्या जागेवरच्या व्यक्तीला स्वतःच्या नावाने निबंध छापण्याची मुभा असावी. जाहिरात काढताना ‘संसर्गजन्य रोगांच्या कामाचा पूर्वानुभव आवश्यक’ ही अट मात्र घालू नये. त्या अटीवर हडसन आणि मुखर्जी दोघींचेही अर्ज छाननीतच बाद झाले असते.