दोन रोहिणी, एक ओटीपी

पोंभुर्ण्याकडे ‘रोहिणी’ म्हटलं की लोक आधी आभाळाकडे बघतात. २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो. तोवर तेंदूपत्त्याचा हंगाम उरकत आलेला असतो आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात पऱ्हे टाकायची तयारी सुरू होते. मी मात्र तिथे दोन वेगळ्याच रोहिणी डोक्यात घेऊन फिरत होते. एक फिजिक्सवाली, दुसरी इकॉनॉमिक्सवाली. टेन्शन नको, गणितं सोडवायची नाहीत!

पहिल्या डॉ. रोहिणी गोडबोले. १९५२ साली पुण्यात जन्म, बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये मूलकणांवर संशोधन, २०१९ मध्ये पद्मश्री. मानुएल ड्रीस यांच्यासोबत केलेल्या कामाला तर थेट ‘ड्रीस-गोडबोले इफेक्ट’ असं नाव पडलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. बाईंनी फक्त कण मोजले नाहीत, गळती पण मोजली. म्हणजे काय, तर विज्ञानात पीएचडी केलेल्या इतक्या बायका नंतर जातात कुठे? आपलं रेडिमेड उत्तर असतं- लग्न, मुलं, घर. २०१० साली त्यांनी अनिता कुरुप आणि इतर सहकाऱ्यांसोबत यावर एक अहवाल केला. त्याचं म्हणणं सरळ होतं. सगळं खापर घरावर फोडू नका. योग्य नोकरीच मिळत नाही, संस्थांची रचनाच आडवी येते, हेही तितकंच खरं. प्रॉब्लेम बाईत नाही बॉस, सिस्टीममध्ये आहे.

दुसऱ्या रोहिणी पांडे, येल युनिव्हर्सिटीच्या अर्थतज्ज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशातल्या १९७ ग्रामपंचायतींमध्ये एक प्रयोग केला. रोजगार हमीवर बाई राबायची, पण मजुरी बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाच्या खात्यात पडायची. मग काही ठिकाणी बायकांना फक्त स्वतःचं खातं काढून दिलं. काही ठिकाणी खात्यासोबत ते वापरायचं ट्रेनिंग दिलं आणि मजुरीही थेट त्यातच जमा केली. २०२१ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त निकाल छापून आला. नुसत्या खात्यापेक्षा या तिन्ही गोष्टी एकत्र मिळालेल्या बायका जास्त कामाला बाहेर पडल्या, सरकारी कामावरही आणि खासगीही. सगळ्यात जास्त फरक कुणात पडला? ज्या आधी अशा कामावर जातच नव्हत्या, त्यांच्यात!

आता आपल्या महाराष्ट्रात रोजगार हमी १९७२ पासूनची. तिथे बाई-पुरुषाला कामाचा दर एकच. पण दर समान असला म्हणजे झालं, असं नाही. पैसे पडतात कुठे आणि काढतं कोण, हा पुढचा प्रश्न. पोंभुर्ण्यात मला भेटलेल्या काही जणींकडे खातं स्वतःच्या नावावर होतं. पासबुकही त्यांच्याच पिशवीत, नीट प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर मात्र नवऱ्याचा, नाहीतर मुलाचा. म्हणजे रोवणीत दिवसभर चिखलात वाकायचं तिने, आणि ओटीपी यायचा दुसऱ्याच्या खिशात.

‘गावाकडे असंच असतं’ म्हणून पान उलटू नका. २०१६ मध्ये यूपीआय आलं, आपण चहाचे पैसेही फोनवरून द्यायला लागलो. तरी ऑफिसातली आपलीच एखादी मैत्रीण आजही म्हणते, ‘माझं इन्व्हेस्टमेंटचं सगळं बाबा बघतात’ किंवा ‘पासवर्ड त्यालाच माहितीये.’ कोणी जबरदस्ती केलेली नसते. ‘सोयीचं पडतं’ एवढंच. पण उद्या नोकरी बदलायची, शिकायला परत जायचं किंवा नातं तोडायचं ठरलं, की ही सोय आडवी येते. मग लोक म्हणतात, बघा, घर आलं आड! घर कुठलं, खात्यावरचा नंबर आड आला.

दोन्ही संशोधनांचा फंडा मला एकच दिसतो. बायकांना धीट व्हायचे सल्ले पुरे झाले. आधी वाटेतला दगड कुठला आहे ते शोधा, तो उचला, आणि मग बघा त्या किती लांब जातात ते.

तेव्हा या सोमवारी लंच ब्रेकमध्ये दोन मिनिटं काढा. आपल्या पगाराच्या खात्यावर नंबर कुणाचा आहे, नॉमिनी कोण आहे, बघून घ्या. मग आईला फोन लावा आणि तिच्या खात्याचंही विचारा. आणि मुलांनो, हे तुमच्यासाठीही आहे. बायकोचा ओटीपी तुमच्या फोनवर येत असेल, तर नंबर बदलायचा फॉर्म तुम्हीच घेऊन या.