टिपण्याआधी पाहावे

आपल्या घराघरांतून आज छायाचित्रांचा जेवढा साठा आहे, तेवढा यापूर्वी कोणत्याही पिढीजवळ नव्हता. लग्नकार्य, पारणे, तीर्थयात्रा, नव्या दुकानाचा मुहूर्त, नातवाचे पहिले पाऊल, सारे काही मोबाईलमध्ये जमा होत असते. तरीही आजी गेल्यानंतर भिंतीवर लावण्यासाठी तिचे एखादे चांगले छायाचित्र शोधावे म्हटले, तर हजारोंच्या गर्दीत ते सापडत नाही. सापडले तरी घाईत घेतलेले, धूसर, कोणाच्या तरी खांद्याआडून डोकावणारे असते. गोदाम भरलेले आहे. पण मालाची नोंद नाही आणि मागितलेली वस्तू वेळेवर हाती लागत नाही. अशा साठ्याला कोणताही व्यापारी भांडवल म्हणणार नाही.

काही दशकांपूर्वी स्थिती निराळी होती. ३५ मिलिमीटर फिल्मच्या रिळात साधारणतः ३६ चित्रे मावत, तर रोलीफ्लेक्ससारख्या चौरस चित्राच्या कॅमेऱ्यात अवघी १२. फिल्मचे मोल, ती धुण्याचा आणि प्रती काढण्याचा खर्च मनात असल्यामुळे कळ दाबण्यापूर्वी माणूस आपोआप थांबत असे. प्रकाश कोठून येतो, समोरच्या व्यक्तीचा चेहरा मोकळा झाला आहे की नाही, हे पाहत असे. रोलीफ्लेक्सची रचनाच अशी की तो छातीशी धरून वरून काचेत पाहावे लागे. छायाचित्र घेणाऱ्याची मान खाली झुकलेली असे आणि समोरच्याला आपल्यावर काही रोखले आहे असे वाटत नसे.

भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) हा कॅमेरा वापरीत. नवसारीच्या पारशी कुटुंबात जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाईबाईंनी दिल्लीत राहून सत्तांतराचा आणि नवस्वतंत्र देशाच्या पहिल्या वर्षांचा काळ टिपला. मोठमोठ्या व्यक्ती त्यांच्या कॅमेऱ्यासमोर निःसंकोच असत. कारण मर्यादा न ओलांडता काम करण्याची शिस्त त्यांनी पाळली होती. पुढे या व्यवसायातील ती शिस्त आणि सभ्यता लोपत चालली, असे त्यांना वाटू लागले, आणि १९७० च्या सुमारास त्यांनी कॅमेरा कायमचा बाजूला ठेवला. त्यानंतर त्या चार दशके जगल्या. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. ज्या कौशल्याने नाव मिळवून दिले, ते योग्य वेळी हातावेगळे करणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

आज कळ दाबण्याला मोल उरलेले नाही. मोल पडते ते स्मृतीला. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात नेऊन काही वस्तू नुसत्या न्याहाळण्यास आणि काहींची छायाचित्रे घेण्यास सांगितले होते. दुसऱ्या दिवशी विचारले असता, छायाचित्रे घेतलेल्या वस्तू आणि त्यांचे बारकावे त्यांना कमी आठवले. जणू स्मरणाचे काम यंत्रावर सोपवून मन मोकळे झाले होते. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर लक्ष केंद्रित करून, तेवढाच भाग मोठा करून चित्र घेतले, तेव्हा स्मृती उणावली नाही. चौकटीबाहेर राहिलेला भागही लक्षात राहिला. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नाही. पाहण्यावाचून टिपणे हा खरा दोष आहे.

वेरूळच्या जैन लेण्यांत याचा पडताळा कोणालाही घेता येईल. ३२ क्रमांकाच्या इंद्रसभा लेण्यात बाहेरच्या उन्हातून आत शिरताच बरेचसे अंधुक दिसते. बहुतेक यात्रेकरू दाराशीच मोबाईल उंचावतात आणि पुढे सरकतात. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ शांत उभे राहावे. मग हळूहळू छतावरचे कमळ उमलू लागते, आंब्याखाली बसलेल्या अंबिकेचा सिंह दिसतो, आणि निश्चल उभ्या बाहुबलींच्या अंगावर चढलेल्या वेली डोळ्यांत भरतात. त्यानंतर घेतलेले एकच चित्र पुरेसे असते.

चालताना, बोलताना, वस्तू उचलता-ठेवताना सावध असावे, ही यतनेची शिकवण आपल्या घरांना नवी नाही. कॅमेरा हीदेखील उचलण्याचीच एक वस्तू आहे. त्यासाठी घरातल्या सर्वांनी मिळून काही साधे नेम करावेत. कोणत्याही प्रसंगी, जुन्या रिळाची आठवण ठेवून, बाराच चित्रे घ्यावीत. कळ दाबण्यापूर्वी तीन श्वास थांबावे. साधू-साध्वींसमोर, रुग्णाच्या खाटेशी, शोक करणाऱ्यांच्या घरी कॅमेरा काढण्यापूर्वी अनुमती घ्यावी. आणि पुष्कळदा तो खिशातच राहू द्यावा. महिनाअखेरीस, जमाखर्च मांडावा तशी चित्रे पाहून निवडक ठेवावीत आणि बाकीची काढून टाकावीत. दिवाळीला वर्षभरातील मोजकी चित्रे छापून घ्यावीत आणि प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे, स्थळ आणि तारीख लिहावी. हे काम मुलांना आजी-आजोबांशेजारी बसवून करू द्यावे. कोण कोणाचे, हे विचारता विचारता त्यांना घराण्याचा इतिहास कळेल.

आणि घरात कोणी वृद्ध असेल, तर एखाद्या सकाळी खिडकीजवळच्या उजेडात त्यांच्यासमोर बसावे. त्यांना बोलू द्यावे, आपण ऐकावे. चित्र त्यानंतर घ्यावे. त्या दिवशी ते घेतलेच गेले नाही, तरी ती सकाळ वाया गेली असे समजू नये.