मण्यामागचा माणूस

दसरा-दिवाळी जवळ आली की सराफकट्टे फुलतात. अलीकडे सोन्याच्या जोडीला खड्यांच्या आणि रंगीत मण्यांच्या हस्तनिर्मित दागिन्यांनाही चांगली मागणी आहे. ही आवड स्वागतार्हच म्हटली पाहिजे. मात्र गळ्यात माळ घालताना तिचा मणी कोणी घडविला, हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणांच्या मनात येतो?

गुजरातमधील खंभातचे उदाहरण यासाठी मुद्दाम अभ्यासावे असे आहे. अकीकाचे मणी घडविण्याची या परिसराची परंपरा सिंधू-सरस्वती संस्कृतीइतकी जुनी आहे. लोथलच्या उत्खननात मण्यांचा कारखाना आणि भट्टी सापडली. मेसोपोटेमियातील ऊर येथील राजघराण्याच्या थडग्यांत मिळालेले लांबट तांबडे मणी याच संस्कृतीच्या कारागिरीची साक्ष देतात. महाराष्ट्राशीही या दगडाचे नाते आहे. सह्याद्री ज्या लाव्हाच्या थरांतून घडला, त्याच दख्खनी खडकांच्या पोकळ्यांत अकीक जन्मला. भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या परिसरातून तो खंभातला येतो.

कच्चा दगड प्रथम उन्हात वाळवितात, मग मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात. त्यामुळे दगडातील लोहाचा रंग पालटतो आणि तो तांबूस होतो. जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड धरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने तो छिलतात. त्यानंतर घासणे, भोक पाडणे आणि झिलई अशी एकेक पायरी येते. प्रत्येक कामाचा जाणकार वेगळा असतो. हे ज्ञान कोणत्याही महाविद्यालयात शिकविले जात नाही. ते बापाकडून मुलाकडे येते.

परंतु या गौरवगाथेची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. फिरत्या सहाणेवर अकीक घासताना सिलिकाची सूक्ष्म धूळ उडते. ती श्वासावाटे फुफ्फुसांत साचून सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. पुष्कळदा तो क्षय समजला जातो आणि उपचारांची दिशाच चुकते. हे काम बहुधा राहत्या घरी वा अंगणात चालते. त्यामुळे सहाणेला हातही न लावणाऱ्या स्त्रिया, मुले आणि शेजारी यांनाही धोका असतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने याचा अभ्यास केला आहे. ओल्या पद्धतीने घासणे आणि धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसविणे हे उपाय ज्ञात आहेत. अडचण आहे ती पैशाची. नगावर मजुरी घेणारा कारागीर ही यंत्रणा कोठून आणणार?

येथेच विक्रीव्यवस्थेचा प्रश्न उभा राहतो. कारागीर आणि ग्राहक यांच्यामध्ये हातांची साखळी जितकी लांब, तितका कारागिराच्या पदरी पडणारा वाटा लहान. दिल्लीत १९९४ साली सुरू झालेल्या ‘दिल्ली हाट’ने कारागिरांना अल्प भाड्यात, ठरावीक मुदतीसाठी, आळीपाळीने गाळे देण्याचा पायंडा पाडला. अशी छोटी दालने आपल्या गावोगावी का असू नयेत? सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड नाही. सार्वजनिक वाचनालयाचे सभागृह, गणेशोत्सव मंडळाचा मंडप, महिला बचत गटाची खोली यांतून आरंभ करता येईल. हुपरीची चांदी, कोल्हापूरचा साज आणि खंभातचा अकीक तेथे शेजारी शेजारी मांडता येतील. पथ्ये मात्र कडक हवीत. वस्तूसोबत कारागिराचे नाव व गाव असावे, किमतीतील त्याचा वाटा उघड लिहिलेला असावा आणि माल धुळीपासून सुरक्षित अशा कामाच्या जागीच घडलेला असावा.

आणि थोडे आपल्याविषयी. स्वदेशीवर व्याख्यान ऐकून घरी परतताना आपण हातगाडीवरच्या कारागिराशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो. चकचकीत दुकानात मात्र छापील किंमत निमूटपणे मोजतो. ही विसंगती आपल्या घरातली आहे. तिचा दोष परकीय मालाला देता येणार नाही. वस्तू देशात बनली एवढ्याने स्वदेशीचे व्रत पूर्ण होत नाही. ती बनविणारा देशबांधव धडधाकट राहिला पाहिजे आणि आपल्या मुलाच्या हाती तीच कला त्याला निर्धास्तपणे सोपविता आली पाहिजे.

या दिवाळीत लेकीसुनेसाठी माळ घेताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : ही कोणी घडविली आणि त्याला काय मिळाले? विक्रेत्याजवळ उत्तर नसेल, तर पुढच्या खेपेस ते तयार ठेवण्यास त्याला सांगावे. ग्राहक विचारू लागला की बाजाराला उत्तर शोधावेच लागते.