भिलारच्या एका घरात मांगा हवा

चित्रांची पुस्तकं वाचणारी मुलं खरं वाचन करत नाहीत, असं छातीठोकपणे सांगणारे शिक्षक, पालक आणि बक्षीस समित्यांवरचे ज्येष्ठ मला वारंवार भेटतात. तुम्ही एखादा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला आहे का, असं मी त्यांना विचारतो. उत्तर नकारार्थीच येतं. न वाचलेल्या साहित्याला पोरखेळ ठरवण्याचा अधिकार यांना कुणी दिला? वाचनसंस्कृतीवर भाषणं ठोकणाऱ्यांचा हा निव्वळ आळस आहे, आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून कल्पना घेतली, राज्य मराठी विकास संस्थेनं ती उभी केली आणि स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या कुटुंबांनी राहत्या घरातल्या खोल्या पुस्तकांसाठी मोकळ्या करून दिल्या. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात कविता. कुणीही जावं, बसावं, वाचावं. सरकारी योजनांचं कौतुक करण्याची मला सवय नाही, पण ही योजना मला मनापासून आवडते. म्हणून मागणीही तिच्याकडेच करतो: भिलारच्या एका घरात मांगा ठेवा. इंग्रजीतला नको, मराठीत आणलेला हवा.

आज मराठी पुस्तकांच्या दुकानात मांगा मागितला की इंग्रजी प्रत समोर येते. एका खंडाला चारशे-पाचशे रुपये आणि मालिका वीस-तीस खंडांची. पाचगणीच्या निवासी शाळेतल्या मुलाला ती परवडत असेल. जावळीच्या खोऱ्यातल्या मुलीला ना ती किंमत झेपते, ना ती इंग्रजी. मग ही मुलं फोनवर चोरून चढवलेली पानं वाचतात, कुणीतरी घाईघाईनं केलेल्या भाषांतरात. आणि आपण म्हणतो, पोरं मोबाइलच्या नादी लागली! वाचायलाच बसली आहेत ती. त्यांच्या हातात पुस्तक द्यायचं काम तुमचं होतं.

चाहत्यांवरही माझा राग आहे. कोणता मांगा वाचू, असं नवख्यानं विचारलं की यांची तीच तीन नावं ठरलेली: ‘नारुतो’, ‘वन पीस’, ‘डेथ नोट’. विचारणारा कोण, वयानं केवढा, कशात रमतो, याची चौकशी नाही. ‘वन पीस’ १९९७पासून चालू आहे, शंभराहून अधिक खंड झाले. पन्नाशीच्या बागायतदाराला किंवा सातवीतल्या मुलीला तिथून सुरुवात करायला सांगणं हा निष्काळजीपणा आहे. जपानात मुलांची, मुलींची, तरुणांची, प्रौढ स्त्रियांची मांगा मासिकं आणि साप्ताहिकं वेगवेगळी निघतात. मुलांच्या ‘शोनेन जम्प’ या एकट्या साप्ताहिकाचा खप १९९४च्या अखेरीस ६५ लाखांवर गेला होता. एवढ्या मोठ्या साहित्याची ओळख तीन नावांत उरकणारे त्याचे मित्र नव्हेत.

माझी पहिली शिफारस हिरोमु अराकावा यांची ‘सिल्व्हर स्पून’. या बाई होक्काइदोतल्या गाईगुरं पाळणाऱ्या शेतकरी घरात वाढल्या, शाळा संपल्यावर सात वर्षं घरच्या शेतावर राबल्या आणि मग चित्रकार झाल्या. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’नं त्यांचं नाव जगभर नेलं. त्या यशानंतर त्या वळल्या त्या गोठ्याकडे. २०११ ते २०१९, पंधरा खंड. अभ्यासाच्या स्पर्धेनं आणि बापाच्या धाकानं पिचलेला हाचिकेन हा शहरी मुलगा, घरापासून लांब जाता यावं एवढ्याच हेतूनं कृषिशाळेत दाखल होतो. पहाटे उठून शेण काढतो. अशक्त डुकराच्या एका पिल्लाला जीव लावतो, नाव ठेवतो, आणि ते कत्तलखान्यात गेल्यावर सुट्टीत काम करून कमावलेल्या पैशांतून त्याचंच मांस विकत घेतो. इथे अराकावा ना वाचकाला रडवायला बसत, ना त्याची सुटका करत. ताटातलं अन्न कुठून येतं, हे मुलांना इतक्या सरळपणे सांगणारं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही.

याच मालिकेत कोमाबा नावाचा मुलगा आहे. बेसबॉलचा उत्तम पिचर. त्याच्या घरचा गोठा कर्जात बुडतो, गाई विकल्या जातात, आणि तो शाळा सोडतो. त्याच्या घरच्या कर्जाला मैत्रिणीचं कुटुंब जामीन राहिलेलं असतं, म्हणून त्या घरावरही घोडे विकायची पाळी येते. सातारा-सांगलीत जामीन राहणं म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागेल? आपल्या ग्रामीण साहित्यात शेतकऱ्याचं दुःख भरपूर आलं. शेती शिकणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलं, त्यांची भांडणं, त्यांची भूक, रात्री अडलेली गाय सोडवताना उडणारी त्यांची धांदल, हे मात्र शोधत फिरावं लागतं. ते होक्काइदोत सापडतं आणि आपल्या भाषेत नाही, याची मला चीड येते.

दुसरी शिफारस ओसामु तेझुका यांचा ‘बुद्ध’. १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षं त्यांनी तो काढला. सुरुवातीचे कितीतरी अध्याय सिद्धार्थ जवळजवळ दिसतच नाही. दिसतो छाप्रा, एक शूद्र गुलाम मुलगा. सेनापतीचा जीव वाचवून तो त्याचा दत्तक मुलगा होतो, जात लपवून पराक्रम गाजवतो, आणि जात उघडी पडल्यावर जिवाला मुकतो. जपानी माणसाला कळलं की बुद्धाची गोष्ट जातीपासून सुरू करावी लागते. १४ ऑक्टोबर १९५६ची दीक्षाभूमी ज्या महाराष्ट्रात आहे, तिथे हा ग्रंथ मराठीत घरोघरी असायला हवा होता. आणि भिलारचा सातारा जिल्हा तर त्याहून जवळचा. साताऱ्यात शिकणारे लहानगे भीमराव आंबेडकर १९०१ साली वडिलांना भेटायला निघाले, मसूर स्टेशनवर उतरले, आणि जात कळल्यावर गाडीवान मिळेना, वाटेत पाणी मिळेना. तो प्रवास ‘भीमायन’ या चित्रग्रंथात गोंड कलावंतांनी रेखाटला आहे. चित्रांत गांभीर्य मावत नाही म्हणणाऱ्यांनी ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत आणि मग माझ्याशी वाद घालावा.

तिसरं नाव केइजी नाकाझावा यांच्या ‘बेअरफूट गेन’चं. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते सहा वर्षांचे होते. वडील, बहीण, धाकटा भाऊ गेले. १९७३पासून त्यांनी ते सगळं काढलं, तेही मुलांच्या साप्ताहिकात. युद्धाला विरोध करणाऱ्या बापाला शेजारीपाजारी कसं छळतात, हे त्यात बॉम्बच्या आधी येतं. जपानी अधिकाऱ्यांनाही ते सोसलं नाही. मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळानं २०१२मध्ये ते शाळांच्या ग्रंथालयांत मुलांना सहज मिळू नये अशी सोय केली आणि ओरड झाल्यावर २०१३मध्ये माघार घेतली. तोमोको किकुची यांनी ते हिंदीत आणलं. मराठीला कुणी अडवलं होतं?

हे परकं आहे, असा आक्षेप येतोच. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलेली ‘तोत्तोचान’ तुम्ही शिक्षक प्रशिक्षणात वाटता, ती कुठली? इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ मराठीत बोलत होता तेव्हा कुणाची मराठी बुडाली? उलट, चांगलं बाहेरचं वाचल्याशिवाय इथलं घडत नाही. ताकेहिको इनोउए यांचा ‘स्लॅम डंक’, १९९० ते १९९६, ३१ खंड: शाळेतल्या एका बास्केटबॉल संघाची एवढीच गोष्ट, आणि एकेक सामना कित्येक प्रकरणं पुरतो. हा वाचताना मला सतत कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव आठवतात. हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, आणि १९५२ साली खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. तालमीतली माती, पकडी, घाम, गावची जत्रा हे सगळं दाखवायला चित्रांइतकं योग्य माध्यम नाही. कराडच्या एखाद्या मुलानं ही गोष्ट दहा खंडांत काढावी असं मला वाटतं. पण त्याच्या हाती ‘स्लॅम डंक’ पडला नाही, तर एकेक डाव आठ-आठ पानं कसा ताणायचा हे तो कुठे शिकणार?

आणखी दोनच नावं. अगदी लहानांसाठी कियोहिको अझुमा यांची ‘योत्सुबातो’: पाच वर्षांची मुलगी आणि तिचा रोजचा दिवस, एवढंच. कवितेची गोडी लागावी म्हणून युकी सुएत्सुगु यांची ‘चिहायाफुरू’; त्यात शंभर जुन्या कविता पाठ असलेली मुलं त्यांच्या पत्त्यांवर झडप घालून सामने खेळतात. भेंड्या खेळणाऱ्या समाजाला ही लगेच कळेल. ‘गेन’ मात्र लहान मुलाला एकट्यानं वाचायला देऊ नका, शेजारी बसा.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, सत्कार झाले, हारतुरे झाले. आता हक्क विकत घ्या. पहिल्यांदा ‘सिल्व्हर स्पून’चे पंधरा खंड, आणि ते भिलारमध्ये स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांलगतच्या घरात ठेवा. मांगा बहुतेक एकाच काळ्या शाईत छापतात, साध्या कागदावर. खर्चाचं कारण मला कुणी सांगू नये.