खातं माझं, मग ते हलवायला पाच महिने का?

पीपीएफचं खातं दुसऱ्या बँकेत न्यायचंय, असं काउंटरवर सांगून बघा. पहिला सल्ला ठरलेला: "कशाला त्या भानगडीत पडता? बंद करा आणि तिकडे नवीन उघडा." मला हा सल्ला तीनदा मिळाला. एकदा जुन्या बँकेत, एकदा नव्या बँकेत आणि एकदा आमच्या ओळखीच्या विमा एजंटकडून. त्याला त्या पैशांची पॉलिसी करून हवी होती.

तिन्ही वेळा सल्ला चुकीचा होता. पीपीएफ म्हणजे काही बचत खातं नाही, की मनात आलं आणि बंद केलं. ते 15 वर्षांचं असतं आणि ही 15 वर्षं मोजतात ती खातं उघडलं त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून. मुदतीआधी बंद करायचं तर पाच आर्थिक वर्षं पूर्ण झालेली हवीत, शिवाय गंभीर आजार, उच्च शिक्षण किंवा परदेशात स्थायिक होणं असं कारण हवं. आणि तरीही व्याजात एक टक्का कापला जातो. "मला सातारहून पुण्याला नोकरी लागली" हे कारण त्यात बसत नाही. माणसाच्या नावावर खातंही एकच चालतं. म्हणजे नवीन उघडून जुनं तसंच ठेवायचं, हाही मार्ग बंद. राहतो एकच रस्ता: खातं आहे तसं, जुन्या तारखेसकट, दुसरीकडे हलवणं. नियमात ही सोय आहे. बदली झाली तरी खातं नवं धरत नाहीत, ते चालूच राहतं.

माझं खातं अब्बांनी 2014 मध्ये उघडायला लावलं. तेव्हा मी 18 वर्षांची होते. त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, पीएफ नाही, पेन्शन नाही. महिन्याला अडीच-तीन हजार भरायचे, सणाच्या महिन्यात थोडे जास्त. माझी मुदत 31 मार्च 2030 ला संपते. बंद करून नवीन उघडलं असतं तर तीच मुदत 2039 वर गेली असती. काउंटरवरचा माणूस एका वाक्यात माझी नऊ वर्षं खर्च करायला निघाला होता, आणि तेही मला त्रास होऊ नये म्हणून!

(व्याज हलाल की हराम, हा वाद मी इथे घेत नाही. आमचे मामू तो दर ईदला शिरखुर्म्यासोबत घेतात. ज्याला व्याज नको त्याने ते घेऊ नये, पण मुद्दल तरी त्यालाही परत हवीच ना? मग पुढचं त्यालाही लागू आहे.)

नोव्हेंबर 2023 मध्ये मी जुन्या शाखेत बदलीचा अर्ज दिला. कागदोपत्री पद्धत अशी: जुनी बँक खात्याचा प्रमाणित उतारा, खातं उघडतानाचा अर्ज, वारसाची नोंद, सहीचा नमुना आणि शिल्लक रकमेचा चेक किंवा ड्राफ्ट नव्या बँकेकडे पाठवते. नवी बँक तुम्हाला बोलावून नव्याने अर्ज आणि केवायसी घेते. 8 डिसेंबरला चेक निघाला. शिल्लक होती 4 लाख 12 हजारांच्या आसपास. जानेवारीत पुण्याच्या शाखेने सगळा गठ्ठा परत पाठवला. कारण: "नाव जुळत नाही."

जुन्या पासबुकात आडनाव आधी, आधारवर शेवटी. वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. बस, एवढंच.

आपल्या घरांत हे नवीन नाही. एकाच माणसाचं नाव शाळेच्या दाखल्यावर महंमद, रेशनकार्डावर मोहंमद, आधारवर मोहम्मद आणि पॅनवर नुसतं 'एमडी' असतं. शेख आधी लावायचं की नंतर, हे त्या दिवशी टेबलामागे कोण बसलं होतं त्यावर ठरतं. आईच्या नावातली 'बी' कधी जोडून, कधी सुटी, कधी गायब. उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत येताना नाव प्रत्येक नाक्यावर थोडं झिजतं. ते झिजवलं कुणी? टंकणाऱ्याने. भरपाई कोण करतं? आपण, अ‍ॅफिडेव्हिट, गॅझेट, दोन दिवसांची बिनपगारी रजा.

त्या कारकुनाने मला मुसलमान म्हणून अडवलं, असा आरोप मी करणार नाही. माझ्या पुढे रांगेत एक बाई होत्या. पासबुकात माहेरचं नाव, आधारवर सासरचं. त्यांनाही तेच ऐकवलं. पण ही चाळणी ज्या भोकांची आहे, त्यात आपली नावं जास्त अडकतात, एवढं तर डोळ्यांनी दिसतं. आणि माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. त्याच बँकेने, त्याच आधार-पॅनवर, माझं पगाराचं खातं एका दुपारी उघडलं होतं. तेव्हा माझं नाव जुळत होतं. पगार येणार असला की नाव जुळतं, जबाबदारी येणार असली की जुळत नाही!

"अहो, पण फसवणूक होऊ नये म्हणून तपासणी लागतेच." बरोबर आहे, लागतेच. माझ्या नावावर उद्या कुणी भलताच पैसे उचलेल, हे मलाही नको आहे. पण तपासायचंच होतं तर चेक निघायच्या आधी तपासा. एका फोनवर जुन्या शाखेशी बोला. पॅन दोन्हीकडे एकच होता, तो पाहा. गठ्ठा टपालाने मागे-पुढे फिरवणं याला तपासणी म्हणत नाहीत.

चेकची मुदत तीन महिने. गठ्ठा परत जाऊन, अ‍ॅफिडेव्हिट जोडून, पुन्हा निघेपर्यंत चेक शिळा झाला. नवा चेक निघाला. माझ्या खात्यात रक्कम दिसली 19 एप्रिल 2024 ला. मधल्या काळात माझं खातं कुठेच नव्हतं. जुनी बँक म्हणे, आम्ही पाठवलं. नवी म्हणे, आमच्याकडे आलं नाही. पैसे भरायला जागाच नसल्याने 31 मार्च कोरडा गेला. वर्षाला किमान 500 रुपये भरावे लागतात. ते न भरल्याने खातं खंडित ठरलं आणि 50 रुपये दंड माझ्याकडूनच घेतला. त्या वर्षाची 80 सीची वजावटही बुडाली.

खरा धक्का पासबुक पाहिल्यावर बसला. व्याज दर महिन्याच्या पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात. नव्या बँकेच्या संगणकाला डिसेंबर ते एप्रिल माझी शिलकीची रक्कमच माहीत नव्हती, म्हणून व्याज मेपासून धरलेलं. दर 7.1 टक्के. म्हणजे महिन्याला 2,400 रुपयांच्या वर, पाच महिन्यांचे 12,000 च्या पुढे. बँकांच्या टपालाचा खर्च माझ्या व्याजातून! लेखी तक्रार केली, नियम दाखवला, तीन महिने पाठपुरावा केला, तेव्हा ते जमा झालं. मी तक्रार केली कारण मला हिशेब येतो. अम्मीने केली असती का?

अब्बा तर सुरुवातीपासून म्हणत होते, "जाऊ दे बेटा, बँकेशी भांडू नये." त्यांच्या पिढीला मी समजू शकते. सरकारी टेबलासमोर नाव सांगतानाच आवाज खाली नेण्याची सवय त्यांना लागली ती उगाच नाही. पण आपण, पदवी घेतलेल्या, मोबाइलवर दिवसातून दहा वेळा पैसे पाठवणाऱ्या पोरांनी तीच सवय पुढे चालवायची? 12,000 रुपये म्हणजे अब्बांचे चार-पाच महिन्यांचे हप्ते होते. ती त्यांची अमानत आहे.

आणि हे होऊ शकत नाही असं कुणी सांगू नये. मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय आपल्याकडे देशभर 2011 पासून आहे. एकाच सर्कलमध्ये असेल तर तीन कामकाजाच्या दिवसांत नंबर हलतो. माझा चुलतभाऊ इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नला असतो. तिथे करमुक्त बचतीचं 'आयसा' नावाचं खातं असतं. ते दुसऱ्या बँकेत न्यायचं तर अर्ज नव्या बँकेत द्यायचा. जुनीकडून पैसे आणणं तिचं काम. रोख बचतीचं खातं असेल तर 15 कामकाजाचे दिवस, बाकी प्रकारांना 30 दिवस, अशी मुदत आहे. पैसे हातात काढून दुसरीकडे भरले तर करमुक्तीची त्या वर्षाची जागा वाया जाऊ शकते, हे तिथेही खरंच. म्हणून तर मुदत बँकांना घातली आहे, ग्राहकाला नाही.

मला तेवढंच हवं आहे. अर्ज एकाच ठिकाणी. पोचपावतीवर पूर्ण होण्याची तारीख. तारीख चुकली तर व्याज चुकवणाऱ्या बँकेच्या खिशातून. पॅन जुळत असेल तर आडनाव आधी की नंतर, यावरून गठ्ठा परत पाठवायला बंदी.

ते होईपर्यंत काही गोष्टी आपल्या हातात आहेत. एप्रिलमध्ये आधी त्या वर्षाचे निदान 500 रुपये भरा, मगच बदलीचा अर्ज द्या. त्याआधी पासबुक, पॅन आणि आधारवरची नावं शेजारी ठेवून वाचा. फरक असेल तर जुन्या बँकेतच दुरुस्त करून घ्या, तुमचा सगळा इतिहास तिच्याकडे आहे. पासबुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. तोंडी काही सांगू नका. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख, सही घ्या. बँकेने तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेही फुकट. बँक सरकारी असेल तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाकून विचारा, माझा चेक कोणत्या तारखेला निघाला. या अर्जानंतर माझ्या फायलीला जी गती आली, ती आधी चार फेऱ्यांत आली नव्हती.

अब्बांनी आता दुकान बंद केलंय आणि ते माझ्याकडे पुण्याला राहतात. त्यांचं स्वतःचं खातं अजून त्याच जुन्या शाखेत आहे. गेल्या आठवड्यात आम्ही दोघं जाऊन अर्ज दिला. "बंद का करत नाही, चाचा?" हे विचारून झालंच. अब्बांनी काही उत्तर दिलं नाही, दुसरी प्रत शिक्क्यासाठी पुढे सरकवली. पोच माझ्याकडे आहे. आज आठवा दिवस.