मावळची सरहद्द घरातून जात होती

१/
रायरेश्वराच्या पठारावर काही तरुण जमतात, शिवलिंगासमोर शपथ घेतात, आणि थोड्याच काळात तोरण्यावर नवे निशाण चढते. मराठी वाचकाच्या मनात स्वराज्याची सुरुवात या दोन दृश्यांनी होते. दोन्ही स्थळे आजच्या भोर आणि वेल्हे तालुक्यांतली. कादंबरी, नाटक, चित्रपट आणि आता मोबाईलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती, सर्वांनी ही दृश्ये रंगवली. मात्र ही हकीकत निव्वळ साहसकथा म्हणून सांगितली जाऊ लागली, तेव्हा तिच्यातला सर्वांत मोठा धोकाच गळून पडला. या धाग्यात त्या गळलेल्या धोक्याचा मागोवा आहे.

२/
आधी साहसकथेचा तो साचा पाहू. अमेरिकेत फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने १८९३ साली शिकागो येथे एक निबंध वाचला. पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या सरहद्दीने अमेरिकी माणूस घडवला, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे १९०२ साली ओवेन विस्टर याची ‘द व्हर्जिनियन’ ही कादंबरी आली आणि ‘वेस्टर्न’ या कथाप्रकाराला ठसठशीत रूप मिळाले. मोकळा मुलूख, कायदा अजून न पोहोचलेला, एक तरुण, एक घोडा, कमरेला पिस्तूल. मागे सोडण्यासारखे त्याच्यापाशी काही नाही आणि पुढे सारे क्षितिज मोकळे.

३/
याच दशकात पुण्यात हरि नारायण आपटे आपल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून ‘उषःकाल’ ही कादंबरी क्रमशः लिहीत होते. काळ १८९५ ते १८९७. विषय स्वराज्याच्या पहाटेचा. गड, भुयारे, हेर, वेषांतर, रात्रीचे घोडदौडीचे प्रवास, साहसकथेला लागणारे सगळे साहित्य तिच्यात आहे. परंतु कथेचा कणा वेगळाच आहे. बाप विजापूरच्या बादशाहीशी एकनिष्ठ, आणि मुलगा शिवाजीराजांकडे ओढला गेलेला. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक. आपट्यांनी सरहद्द डोंगरात शोधली नाही. ती त्यांनी एका घराच्या माजघरातून नेली.

४/
आपट्यांचा हा कौल किती अचूक होता, ते मावळची घडी पाहिल्यावर कळते. सतराव्या शतकातले मावळ हा मोकळा मुलूख मुळीच नव्हता. खोऱ्याखोऱ्यांत देशमुख आणि देशपांडे, गावोगावी पाटील आणि कुलकर्णी. रोहिडखोऱ्यात जेधे आणि खोपडे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर, मोसे खोऱ्यात पासलकर. प्रत्येक शेताचा सारा, प्रत्येक हक्काचा कागद आणि प्रत्येक मानपानाचा तंटा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. इथे कायदा पोहोचला नव्हता असे म्हणणे कठीण. उलट एका हक्कावर दोन-दोन दावेदार कागद घेऊन उभे असत.

५/
रांझे या गावाचे उदाहरण बोलके आहे. हे गाव आजही भोर तालुक्यात आहे. तिथल्या पाटलाने बदअंमल केल्याची तक्रार आली. चौकशी झाली, गुन्हा शाबीत झाला, पाटलाचे हातपाय तोडण्यात आले आणि पाटिलकी जप्त झाली. या निवाड्याचे पत्र २८ जानेवारी १६४६ चे आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतिथी धरली, तर त्या दिवशी शिवाजीराजांना सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते.

६/
साहसकथेतला तरुण अशा वेळी पिस्तूल काढतो. इथला तरुण शिक्क्यानिशी पत्र काढतो. त्याच पत्रात पुढची व्यवस्थाही आहे: जखमी पाटलाला सांभाळण्याची तयारी दाखवणाऱ्या त्याच्याच गोतातल्या माणसाकडे पाटिलकी रीतसर रक्कम घेऊन सोपवली गेली. शिक्षा कठोर होती, तरी वतनाची साखळी तुटू दिली नाही. राज्य उभारणीची ही रीत एखाद्या चकमकीइतकी चित्तथरारक नाही, म्हणून ती पडद्यावर फारशी येत नाही. स्वराज्य टिकले ते मात्र या रीतीमुळे.

७/
आता रायरेश्वराची शपथ. तिचा मुख्य आधार म्हणून रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरस प्रभू यांना १६४५ साली लिहिलेले पत्र पुढे केले जाते. पत्रात देवाचे नाव ‘रोहिरेश्वर’ असे येते. परंपरा त्याला रायरेश्वराशी जोडते. या पत्राच्या अस्सलपणाबद्दल इतिहास संशोधकांत दीर्घकाळ मतभेद आहेत. श्रद्धेने पठार चढणाऱ्याला त्यामुळे काही बाधा येत नाही. पण इतिहास वाचणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की, ज्या दृश्यावर सर्वाधिक रंग चढला, त्याच्याखालचा कागद सर्वाधिक वादग्रस्त आहे.

८/
तोरण्याचेही तसेच. गड हाती आला तो मोठ्या लढाईवाचून, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. खरे कष्ट पुढचे. जवळच्याच मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगडाचे काम उभे राहिले. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, मध्ये उंच बालेकिल्ला. दोन दशकांहून अधिक काळ स्वराज्याचा कारभार इथून चालला. गड घेण्याचे वर्णन कादंबरीत एका प्रकरणात संपते. गड बांधायला लागलेली वर्षे, पाथरवट, चुन्याच्या घाण्या आणि बिगाऱ्यांचे हात यांना तिथे जागा मिळत नाही.

९/
आणि आता तो प्रसंग, ज्यासाठी हा धागा. साल १६५९. अफझलखान विजापुराहून निघाला. मावळातल्या देशमुखांना बादशाही फर्माने सुटली. कारीचे कान्होजी जेधे यांना आलेले फर्मान १६ जून १६५९ चे. आशय सरळ: खानाला सामील व्हा, निष्ठेचे फळ मिळेल; शिवाजीला साथ देणाऱ्यांची गय केली जाणार नाही. कान्होजी या वेळी तरुण नव्हते. शहाजीराजांबरोबर त्यांनी आयुष्य काढले होते, १६४८ मध्ये शहाजीराजांना कैद झाली तेव्हा तेही कैदेत पडले होते. पदरी पाच कर्ते मुलगे होते.

१०/
वतन म्हणजे काय, हे समजल्याशिवाय या फर्मानाचे वजन कळत नाही. देशमुखी म्हणजे नुसती जमीन नव्हे. साऱ्यातला हिस्सा, इनाम, सणावाराचा पहिला मान, गोतसभेतली जागा, मुलींची सोयरीक, मुलांचे नाव, सारे त्या एका शब्दात गुंतलेले. वतन गेले की एक माणूस दरिद्री होत नसे. एक घराणे पुसले जाई. बादशहाने बोट ठेवले होते ते नेमके तिथे.

११/
कान्होजी फर्मान आणि पाचही मुलगे घेऊन राजगडावर आले. राजांनी त्यांना धोका स्पष्ट सांगितला: खोपडे खानाकडे गेले आहेत, तुम्ही आमच्याकडे राहिलात तर वतनाला मुकाल. यावर कान्होजींनी वतनावर पाणी सोडले, असे जेध्यांच्या करिन्यात नमूद आहे. पाणी सोडणे म्हणजे दान देताना हातावरून उदक सोडतात तसे. दिलेले मग परत मागायचे नाही. त्यानंतर १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी खान पडला आणि जावळीच्या रानात त्याची फौज उधळली गेली. त्या लढाईत जेधे होते.

१२/
या प्रसंगात एकही भिंत चढलेली नाही, एकही तलवार उपसलेली नाही. एका वयस्क माणसाने एक कागद वाचला आणि आपल्या नातवंडांचेही जे होते ते डावावर लावले. रिकाम्या हाताने सरहद्दीवर जाणाऱ्या तरुणाचे धाडस खरेच. पण ज्याच्याजवळ गमावण्यासारखे सर्व काही आहे, त्याने केलेली निवड त्याहून जड असते. मावळच्या कथेतला हा भार काढून घेतला, तर उरते ते डोंगरावर धावणाऱ्या पोरांचे चित्र. ते देखणे आहे, पण हलके आहे.

१३/
दुसरी बाजूही पाहावी. उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. कारी आणि उत्रौली ही गावे एकाच भोर तालुक्यातली. देशमुखीच्या हक्कांवरून या घराण्यांत जुने वैर. खोपड्यांनी केले ते मावळातल्या बहुतेक वतनदारांनी पिढ्यान्‌पिढ्या केले होते: ज्याचा शिक्का चालतो त्याचे फर्मान मानले. पुढे खंडोजी हाती लागले, तेव्हा त्यांच्या जीवदानासाठी रदबदली केली ती कान्होजींनीच. जीव वाचला, पण राजांनी त्यांचा एक हात आणि एक पाय तोडवला.

१४/
साहसकथेला खलनायक लागतो आणि तो शक्यतो दूरचा, परका असावा लागतो. इथला ‘शत्रू’ शेजारच्या गावचा, त्याच देवांना जाणारा, त्याच बाजाराला येणारा. म्हणूनच त्याच्यासाठी शब्द टाकायला त्याचा वैरी पुढे आला. खोपड्यांवर ‘फितूर’ असा एक शिक्का मारून पुढे जाणे सोपे आहे. पण तसे केले की कान्होजींनी नेमके काय नाकारले, हेही दिसेनासे होते. निवड दोघांसमोर एकच होती, म्हणूनच तिला मोल आहे.

१५/
बांदलांची कथा याच जातीची. हिरडस मावळचे बांदल आरंभी राजांच्या विरोधात होते. भोर तालुक्यातल्या शिंद गावचे बाजीप्रभू देशपांडे हे त्यांचे कारभारी. तीच बांदल सेना आणि तेच बाजीप्रभू जुलै १६६० मध्ये घोडखिंड अडवून उभे राहिले आणि राजे विशाळगडावर पोहोचले. कालचा विरोधक आज पाठीशी उभा राहतो आणि खिंडीत देह ठेवतो, हे केवळ शौर्याने समजत नाही. मधल्या काळात त्या माणसाच्या मनात काय बदलले, हा कादंबरीचा खरा प्रांत आहे.

१६/
आता आपट्यांकडे परत. जेधे घराण्याची शकावली कारीच्या जेध्यांकडून लोकमान्य टिळकांना मिळाली आणि १९१६ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे ‘उषःकाल’ पुरी झाल्यावर जवळजवळ वीस वर्षांनी. आपट्यांनी तिच्याविना लिहिले. तपशिलात ते अनेक ठिकाणी कल्पनेवर विसंबले, हे उघड आहे. तरीही स्वराज्याचा पहिला संघर्ष निष्ठांचा होता आणि तो मराठी घरांच्या आत झाला, हे त्यांनी ओळखले. नंतरच्या अनेक लेखकांच्या हाताशी कागद अधिक होते; त्यांच्या कादंबऱ्यांत मात्र शपथ आणि चढाई यांनीच पाने भरली.

१७/
यावर आक्षेप येईल: साहसकथा नसत्या तर पोरे गडांवर गेलीच नसती. आक्षेप रास्त आहे. तोरण्याची वाट धरणाऱ्या अनेकांच्या पाठपिशवीत पहिले पुस्तक कादंबरीच असते, आणि त्यात कमीपणा नाही. शिवाय उत्तम वेस्टर्नही इतके भाबडे नसते. ‘द व्हर्जिनियन’ मधल्या नायकाला गुरे चोरल्याबद्दल स्वतःच्या जिवलग मित्राला फासावर चढवावे लागते. म्हणजे तिथेही कथा उंचावते ती सरहद्द मैत्रीच्या आरपार जाते तेव्हाच. जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टर याच्या कादंबऱ्या ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या नावांनी मराठीत आणल्या. त्यांत तर बंदुकीपेक्षा कुऱ्हाड आणि नांगर यांचीच कथा मोठी आहे.

१८/
मागणी म्हणून एवढीच: मावळची साहसकथा लिहावी, पण पुरी लिहावी. तिच्यात गडाच्या घेऱ्यातल्या मेटांवर रात्र जागवणारे कोळी, रामोशी आणि महार असावेत. रांझ्याचा निवाडा असावा. कान्होजींच्या घरात, वतन गेले तर पुढे काय, असे विचारणारी एखादी सून असावी. तिचा प्रश्न कोणत्याही शकावलीत नोंदलेला नाही. तिथेच कादंबरीकाराचे काम सुरू होते.

१९/
‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने २०२५ साली बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत राजगड आहे. वेल्हे तालुक्यालाही आता राजगडाचे नाव मिळाले आहे. गर्दी वाढेल, चित्रफिती वाढतील. राजगड पाहून परतणाऱ्याने एकदा भोरवरून कारीला जावे. वाटेत उत्रौलीचे नाव विचारावे. दोन गावांमधले अंतर गाडीने थोडक्या वेळात कापता येते. १६५९ च्या पावसाळ्यात त्याच अंतरात एक सरहद्द होती, आणि ती ओलांडताना एका म्हाताऱ्याने आपल्या हातावरून पाणी सोडले होते.

(धागा समाप्त)