माडगावकरांची मुंबई आणि तिचे वाचक

शहरावरचे पुस्तक हाती आले की वाचक आधी त्यात आपला मोहल्ला शोधतो. तो सापडला नाही, किंवा दोन ओळींत आटोपलेला दिसला, की लेखकाला शहर कळलेच नाही असा निकाल लागतो. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली निघाले. तेव्हापासून मुंबई पार बदलली, पुस्तक होते तसेच राहिले, आणि त्याच्याविषयीची मते मात्र शहराबरोबर पालटत गेली. त्या मतांकडे थोडे लांबून पाहिले पाहिजे.

माडगावकर १८१५ साली गोव्यात जन्मले, लहानपणीच मुंबईत आले आणि मिशनच्या शाळेत शिक्षक झाले. इंग्रजांनी मुंबईचे गॅझेटियर काढले ते १९०९-१० मध्ये, तीन खंडांत, सरकारी दप्तर आणि नोकरवर्ग हाताशी घेऊन. त्याआधी जवळजवळ अर्धे शतक एका मास्तराने देवळे, गोदी, बाजार, शाळा, रेल्वे, जातीजमाती, सणवार यांनी भरलेले एवढे मोठे पुस्तक मराठीत लिहिले. आचार्य आणि शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ यायलाही १८८९ साल उजाडावे लागले.

आजच्या वाचकाची पहिली तक्रार ठरलेली असते: माडगावकर इंग्रज सरकारचे गुण फार गातात. ही तक्रार खोटी नाही. १८५७ ची आठवण ताजी असताना लिहिलेल्या पुस्तकात राज्यकर्त्यांबद्दलची ही कृतज्ञता खटकतेच. पण ती आली कुठून, हे ज्याला पाहायचे नाही त्याने हे पुस्तक वाचू नये. त्यांच्या डोळ्यांसमोर दहा वर्षांत काय काय घडले होते? १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. १८५७ साली विद्यापीठ झाले. विहिरी आणि तळी यांच्यावर तहान भागवणाऱ्या गावात १८६० पासून विहारचे पाणी आले. बार्टल फ्रियर गव्हर्नर झाले आणि कोटाच्या भिंती पाडायला सुरुवात झाली. त्यातच अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडकला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पोर्तुगीज अमलातून पोटापाण्यासाठी आलेल्या घरातला मुलगा हे सारे पाहत होता. त्याला भविष्याचा मोह पडला नसता तरच नवल.

पाचच वर्षांनी, १८६८ साली, ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ आले. नावे जवळजवळ सारखी, काळ एकच, पण नजरा उलट्या. पुण्यावर लिहिणाऱ्याला शनिवारवाड्याकडे पाठ फिरवून लिहिणे शक्यच नव्हते. शहराचा मान गेला त्याला पन्नास वर्षे झाली होती आणि ती हळहळ पिढीजात झाली होती. मुंबईला असा गेलेला दरबार नव्हता. तिच्याकडे होते ते शेठ, त्यांचे दान आणि पुढच्या वर्षीचा भाव. माडगावकर जमशेटजी जिजीभाई आणि नाना शंकरशेट यांच्याबद्दल एवढ्या भक्तिभावाने लिहितात, त्याचे कारण हेच. मराठीतले शहरलेखन सुरू होतानाच त्याला या दोन वाटा फुटल्या, आणि पुणेकर-मुंबईकर वादातली अर्धी भांडणे अजून त्याच दोन वाटांवर चाललेली आहेत.

दुसरी तक्रार कष्टकऱ्यांची: पुस्तकात शेठ भरपूर दिसतात, मजूर थोडा. आम्हाला ही तक्रार अर्धीच मान्य आहे. १८६३ साली मुंबईत गिरण्या मोजक्याच होत्या. आपल्या मनातले गिरणगाव अजून उभे राहायचे होते. जे नव्हतेच ते न लिहिल्याबद्दल लेखकाला दोष देता येत नाही. मात्र बंदरावर ओझी वाहणारे, भराव टाकणारे, शहर झाडणारे लोक होते, आणि पांढरपेशा मास्तराची नजर त्यांच्यावर फार वेळ ठरत नाही. ती मुंबई वाचायची तर अण्णा भाऊ साठे आणि नारायण सुर्वे यांच्याकडेच जावे लागते.

पुस्तकाचे नशीब तर त्याहून चमत्कारिक. पहिल्या आवृत्तीनंतर ते जवळजवळ शतकभर विस्मृतीत गेले. न. र. फाटक यांनी संपादन करून १९६१ साली ते पुन्हा बाहेर काढले, तेव्हा महाराष्ट्र राज्याला जेमतेम वर्ष झाले होते आणि मुंबईसाठी सांडलेले रक्त वाळले नव्हते. त्या वेळच्या मराठी वाचकाने या पुस्तकात आपल्या हक्काचा जुना दाखला पाहिला असेल तर ते समजण्यासारखे आहे. पण पुस्तक उघडले की हा दाखला एकट्याच्या नावचा राहत नाही. त्यात पारशी, भाटिये, कोकणी मुसलमान, बोहरी, यहुदी, ख्रिस्ती, कोळी सगळेच येतात, आणि लेखकाला त्या गर्दीचेच अप्रूप आहे.

मग २००८ साली मुरली रंगनाथन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला आणि शहराचा अभ्यास करणारे परदेशी प्राध्यापकही माडगावकर वाचू लागले. आता कौतुक झाले ते नेमके ज्या याद्यांना मराठी वाचक कंटाळत आला होता त्यांचे. बाजारात काय मिळते, कुठल्या धर्मशाळेला कोणी किती रुपये दिले, कोणत्या जातीचे लोक कुठे राहतात: अभ्यासकाला हीच पाने हवी असतात. कंटाळवाणी पाने वगळून संक्षिप्त आवृत्ती काढायचा मोह एखाद्या प्रकाशकाला झाला तर तो त्याने आवरावा.

वाचताना एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्यावी. अमेरिकेतली यादवी संपताच कापसाचा भाव कोसळला, १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरली आणि मुंबईतल्या मोठमोठ्या पेढ्यांचे दिवाळे वाजले. माडगावकर त्याच वर्षी वारले. पुस्तकातला सगळा विश्वास हा त्या आपटीच्या आधीचा आहे. १८६० च्या दशकातला नकाशा, स्थळसूची आणि जागांची आजची नावे सांगणाऱ्या टिपा अशी जोड असलेली मूळ मराठी आवृत्ती कोणत्याही तालुक्याच्या ग्रंथालयात मिळायला हवी. प्रकाशकांनी आणि विद्यापीठांच्या मराठी विभागांनी मिळून हे काम अंगावर घ्यावे.